मधल्याची बॅटरी

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. निमित्त आमच्या भाचीचं.

दिवाळीत ती घरी आली होती. सध्या पीएच.डी. करतेय आणि तिच्या विषयाचं नाव घरात कुणालाही एका दमात घेता येत नाही. फराळाच्या ताटावर कुणीतरी विचारलंच, "अगं पण नक्की काय करतेस तू?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी घरातला इंजिनियर मामा. आता मी इंजिनियर आहे तो सिव्हिलचा, पण हे आमच्याकडे कुणी लक्षात घेत नाही. विषय असा: एनर्जी हार्वेस्टिंग रिले आणि डिव्हाइस-टू-डिव्हाइस कम्युनिकेशनमधलं रिसोर्स शेअरिंग.

भाचीने ताटात एक चकली ठेवली. हा टॉवर. मग लांब एक शंकरपाळा आणि मध्ये एक शंकरपाळा. "हा लांबचा फोन. ह्याला टॉवरचं धड ऐकू येत नाही. मग हा मधला फोन निरोप्याचं काम करणार. पण मामा, ह्याने का करायचं? ह्याची बॅटरी जाते ना त्यात! म्हणून मधल्याला लागणारी वीजसुद्धा निरोपाबरोबर हवेतूनच पाठवता येईल का, हे आम्ही बघतोय."

आई म्हणाली, "म्हणजे पोस्टमनला पत्राबरोबर चहा द्यायचा."

"आजी, परफेक्ट!"

सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो. का ते शेवटी सांगतो. पण त्या दिवसापासून हा मधल्याच्या बॅटरीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून तो किती जुना आहे ते शोधत बसलो. ताई, तू म्हणाली होतीस "सोप्या भाषेत लिही," म्हणून प्रयत्न करतोय. नाही जमलं तर लेकीला विचार.

ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना पी. पी. नंबर आठवत असेल. स्वतःच्या घरी फोन नाही, पण लग्नपत्रिकेत, लेटरहेडवर शेजाऱ्यांचा नंबर छापायचा आणि पुढे कंसात "पी. पी." डोंबिवलीला आमचा नंबर वरच्या मजल्यावरच्या काकूंचा होता. फोन आला की काकू गॅलरीत येऊन हाक मारायच्या. आम्ही घरात नसलो की निरोप लिहून ठेवायच्या. इमारतीतली निदान सात-आठ बिऱ्हाडं त्या एका फोनवर जगत होती. भाचीच्या भाषेत काकू रिले होत्या. आणि रिलेचे जे दोन प्रकार ती सांगते, ते दोन्ही काकूंना येत होते. एक म्हणजे जे आलं ते फक्त आवाज वाढवून पुढे ढकलायचं, आवाजातल्या खरखरीसकट. दुसरा म्हणजे आधी नीट समजून घ्यायचं आणि मग आपल्या शब्दांत स्वच्छ सांगायचं. नागपूरहून काकाचा फोन आला की काकू पहिल्या प्रकाराने सांगायच्या. बाबांच्या ऑफिसातून आला की दुसऱ्या. :)

काकूंना त्याबद्दल काय मिळत होतं? गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ आणि दुपारची मोडलेली झोप. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

रिले हा शब्द घोड्यांच्या डाकेतलाही. फ्रेंचमधून आलेला. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे बांधून ठेवायचे आणि दमलेल्या घोड्यावरची डाक ताज्यावर चढवायची. जोसेफ हेन्री नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५ साली हेच विजेचं करून दाखवलं. लांब तारेतून येता येता करंट मलूल होतो. त्याच्याकडून घंटा वाजत नाही, पण एक हलकीशी लोखंडी पट्टी हलण्याइतका जीव त्याच्यात असतो. ती पट्टी हलली की तिथल्याच दुसऱ्या बॅटरीचं सर्किट जोडलं जातं आणि ताजा करंट पुढच्या तारेत निघतो. मॉर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार १८४४ ची, आणि पुढे तारयंत्राचा सगळा पसारा ह्या युक्तीवर उभा राहिला.

इथे एक गोष्ट माझ्या आधी कधी लक्षात आली नव्हती. तारेतून निरोप पुढे जातो, वीज नाही. वीज प्रत्येक ठाण्यावर नवी. म्हणजे प्रत्येक ठाण्यावर बॅटरी आणि तिची देखभाल करणारा माणूस हवा. तारऑफिसांत पुष्कळ ठिकाणी काचेच्या बरण्यांच्या बॅटऱ्या असत. तळाशी तांबं आणि मोरचुदाचं गडद निळं पाणी, वर कावळ्याच्या पंजासारखा जस्ताचा तुकडा लटकवलेला. जस्त झिजत जायचं. ते बदलायचं, मोरचूद टाकत राहायचं. तार करणाऱ्याने शब्दाप्रमाणे पैसे मोजले, त्यात ह्या जस्ताचेही पैसे होते. हिशेब सरळ होता, कारण तारा आणि ठाणी एकाच मालकाची.

बिनतारी संदेश आला तेव्हाही सुरुवातीला असंच. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतींपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. लोक थक्क झाले. पण घंटेची वीज पलीकडच्या बॅटरीचीच होती. लहरीने फक्त कोपराने ढोसलं. ह्याच बोसांनी १९०१ साली गॅलेनाच्या खड्याच्या डिटेक्टरसाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, ते १९०४ साली मिळालं. आणि गॅलेना म्हटलं की आमच्या आप्पांची आठवण येणारच.

आप्पांनी तरुणपणी खड्याचा रेडिओ केला होता. त्याचा इअरफोन अजून काकाकडे आहे (काका, फेकू नकोस). ह्या रेडिओला बॅटरी नाही, प्लग नाही. लांब तार म्हणजे एरियल, एक गुंडाळी, गॅलेनाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार, एवढंच. कानात येणारा आवाज स्टेशनच्याच ताकदीवर निघतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीत अँझिओच्या खंदकांत अमेरिकन सैनिकांनी दाढीच्या ब्लेडवर पिन टेकवून असेच रेडिओ केले होते. हवेतून वीज काढून जगणारी यंत्रं भाचीच्या विषयाच्या कितीतरी आधीची आहेत, एवढंच मला म्हणायचंय. फक्त ती ऐकू शकत होती. पुढे सांगण्याइतकं त्यांच्या पोटात काही उरत नव्हतं.

सांगू शकणारं यंत्र आलं ते चोरपावलांनी. ४ ऑगस्ट १९४५ ला मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन ह्यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागली आणि १९५२ पर्यंत तिथेच होती. तिच्या आत एक छोटी धातूची डबी, तिला पातळ पडदा आणि एक अँटेना. बॅटरी नाही, तार नाही, म्हणून झडतीत काही सापडायचं नाही. बाहेरून कुणीतरी रेडिओ लहरींचा झोत टाकला की ती डबी जागी व्हायची आणि खोलीतल्या बोलण्याने थरथरणारा पडदा त्याच लहरींत बदल करून त्या परत पाठवायचा. झोत बंद की डबी मुकी. हे डोकं लेव्ह टर्मेन ह्यांचं, हात न लावता वाजवायचं थेरेमिन हे वाद्य करणारे तेच. हेराचं काम त्यांनी कैद्यांच्या प्रयोगशाळेत केलं. स्वतः बंदिवान असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या विजेवर बोलणारं यंत्र करावं, ह्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. असो.

१९४८ साली हॅरी स्टॉकमन ह्यांनी परावर्तित शक्तीने संदेशवहन कसं करता येईल ह्यावर शोधनिबंध लिहिला. गाडीच्या काचेवरचा आपला फास्टॅग त्याच कुळातला. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचं यंत्र त्याला वीज देतं आणि त्याच विजेवर तो आपला नंबर सांगतो.

पण रिले म्हणजे फक्त आपला नंबर सांगणं नव्हे. दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याला सांगायचं, तेही लांब. त्याला जास्त वीज लागते. बेल लॅब्जमधल्या डॅरिल चॅपिन ह्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. दमट, गरम मुलखात टेलिफोनच्या दूरच्या यंत्रांतले कोरडे सेल लवकर खराब व्हायचे आणि ते बदलायला माणूस जाणं अवघड. त्या खटपटीतून चॅपिन, फुलर आणि पिअर्सन ह्यांनी २५ एप्रिल १९५४ ला सिलिकॉनचा सौर सेल जगापुढे ठेवला. पडलेल्या उन्हाच्या सुमारे ६ टक्के वीज. ऑक्टोबर १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ एका खेड्यातल्या टेलिफोन लाइनवर ते पॅनेल खांबावर चढवलं. दिवसा ऊन, रात्रीसाठी साठवणीची बॅटरी. सौर पॅनेल सुरुवातीला उपग्रहासाठी किंवा घरासाठी केलं असेल असं मला वाटायचं. तर नाही, टेलिफोनच्या लाइनवरच्या मधल्या यंत्रासाठी! प्रयोग चालला, पण सिलिकॉन फार महाग पडलं आणि तो गुंडाळला.

मग ते वर गेलं. १० जुलै १९६२ ला टेलस्टार सुटला. जेमतेम ७७ किलोचा गोळा, अंगभर ३६०० सौर सेल आणि त्या सगळ्यांची मिळून वीज १५ वॉटच्या आसपास. घरातल्या एका एलईडी दिव्याएवढी. तेवढ्यात ऐकायचं, दहा अब्ज पट मोठं करायचं आणि पृथ्वीकडे परत बोलायचं. त्यावर अमेरिका आणि युरोप ह्यांच्यामध्ये थेट टीव्हीची चित्रं गेली. ह्याच्या दोन वर्षं आधी एको नावाचा तीस मीटर व्यासाचा चकाकता फुगा सोडला होता. तो नुसता आरसा, स्वतःचं काही खर्च न करणारा. टेलस्टार खर्च करत होता आणि कमवतही होता. पण त्याच्या उड्डाणाच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने स्टारफिश प्राइम हा अणुस्फोट उंच अवकाशात केला. त्याच्या किरणोत्साराने टेलस्टारचे ट्रान्झिस्टर हळूहळू पोखरले. नोव्हेंबरात तो गप्प झाला, जानेवारीत शास्त्रज्ञांनी युक्तीने पुन्हा बोलता केला आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये कायमचा गेला. पोटाची सोय असूनही.

आता दुसरा भाग, वाटणीचा. तारेला आपापली तार असते. हवा एकच. एकाच चॅनेलवर दोघे बोलले की दोघांचंही वाया. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन ह्यांनी (सर्फिंगच्या ओढीने तिथे गेलेले, हे मला फार आवडलं) बेटाबेटांवरच्या टर्मिनलांसाठी अलोहानेट सुरू केलं. नियम अगदी साधा. बोलायचं असेल तेव्हा बोलून टाका. पोच आली नाही तर कुणाशी तरी टक्कर झाली असं समजा, वाटेल तेवढा वेळ थांबा आणि पुन्हा बोला. गंमत वाटेल, पण ह्यात चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोग होतो. बाकी टकरा आणि शांतता. आपल्याकडे धुळ्याकडच्या फड पद्धतीत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, तसं करून वाटणी सुधारता येते आणि मोबाईलच्या जाळ्यात टॉवर तेच करतो. वेळेचे आणि लहरींचे तुकडे पाडून ज्याला त्याला देतो.

टॉवरला वगळून दोन फोन थेट बोलायला लागले की त्यांना तुकडा कुठून द्यायचा? एक वाट म्हणजे वेगळा राखून ठेवायचा. दुसरी, जास्त धाडसाची: दुसऱ्या कुणाला दिलेल्या तुकड्यावरच बोला, पण कुजबुजत. वर्गात मास्तर शिकवत असताना शेवटच्या बाकावर दोघे बोलतात तसं. कुजबुज किती हळू असावी की मास्तरांना ऐकू जाऊ नये आणि शेजाऱ्याला तर ऐकू जावं, हे गणित म्हणजे ह्या शास्त्राचा मोठा भाग आहे. २०१५ साली मोबाईलच्या जागतिक मानकांत अशा थेट बोलण्याची सोय आली, प्रामुख्याने पोलीस आणि अग्निशमन दलासारख्यांसाठी. टॉवर पडला तरी त्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. मधल्या फोनने टॉवरपर्यंत निरोप नेण्याची सोय त्याच्या पुढच्या आवृत्तीत, २०१६ साली.

आणि मधल्याची वीज? २००८ साली लव वार्ष्णेय ह्यांनी एक निबंध लिहिला. एकाच लहरीतून माहिती आणि ऊर्जा दोन्ही न्यायच्या तर एकाच्या वाढीने दुसऱ्यात किती घट, ह्याचा. २०१० मध्ये ग्रोव्हर आणि सहाय ह्यांनी ते पुढे नेलं. २०१३ साली नासिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेट रिलेला लावलं. त्यांची एक रीत अशी: वेळेचा काही भाग रिलेने नुसतं जेवायचं. उरलेल्या वेळाचे दोन सारखे भाग, एकात ऐकायचं, दुसऱ्यात सांगायचं. कमी जेवला तर आवाज पोचत नाही. जास्त जेवत बसला तर बोलायला वेळच उरत नाही. मध्ये कुठेतरी एक बरोबर जागा असते आणि ती काढायची. दुसरी रीत म्हणजे आलेल्या लहरीचे एकाच वेळी दोन वाटे, एक कानाला, एक पोटाला.

अडचण पोटाच्या भुकेत आहे. फोनला समजायला वॉटचा एक दहा-हजार-अब्जावा भाग मिळाला तरी चालतो. त्यातून वीज साठवायची तर त्याच्या साधारण दहा कोटी पट जास्त ताकद दारात यावी लागते. म्हणजे ज्या अंतरावर निरोप स्वच्छ कळतो, तिथे पोट भरत नाही. २०१३ मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठात टीव्हीच्या लहरींवर जगून एकमेकांशी बोलणारी दोन बॅटरीविना यंत्रं केली, तर वेग सेकंदाला एक किलोबिट आणि अंतर अडीच फूट. भाची म्हणते, "मामा, हसू नकोस. टेलिफोनचं पॅनेलही गुंडाळलं होतं ना?" ते बरोबर आहे.

आता राहिलेलं सांगतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी अंधेरीहून निघालो आणि कुर्ल्याच्या अलीकडे बसमध्ये अडकलो. पाणी पायऱ्यांपर्यंत. बऱ्याच भागांत वीज बंद, फोन लागत नव्हते, लागले तर कटत होते. बसमध्ये पन्नास-साठ माणसं आणि निम्म्यांकडे मोबाईल, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि एकही दुसऱ्याशी बोलू शकत नाही, कारण टॉवर ऐकत नाही. रात्री नऊच्या सुमारास माझा एकदा लागला. घरी सांगितलं, सुखरूप आहे. बॅटरीच्या दोन काड्या उरल्या.

पुढच्या सीटवरच्या बाई वळल्या. "भाऊ, माझ्याही घरी एक लावून बघता का? लहान मुलगा आहे, सासूबाई एकट्या आहेत."

मी म्हणालो, "बॅटरी संपली हो."

मनात हिशेब होता. रात्र मोठी आहे, पाणी चढतंय, दोन काड्या माझ्या मलाच लागतील. हिशेब चूक होता असं आजही म्हणता येत नाही. पण फोन माझ्या खिशात चालू होता आणि खिशातून त्याचा हिरवा उजेड शर्टातून दिसत होता की नव्हता, हे मला अजून माहीत नाही. बाई काही बोलल्या नाहीत. तिकिटामागे नंबर लिहून माझ्याकडे दिला. "चालू झाला तर एवढा निरोप द्या, सीमाबेन नाही, म्हणावं सूनबाई बसमध्ये आहे, बरी आहे." घरी त्यांना काय नावाने ओळखतात ते सांगताना त्या हसल्या.

पहाटे त्या पाण्यातून कुणाकुणाचे हात धरून निघून गेल्या. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत, मिळेल त्या ट्रकने डोंबिवलीला पोचलो. फोनमध्ये तेव्हाही एक काडी होती.

तिसऱ्या दिवशी घरच्या फोनवरून तो नंबर लावला. तिकिटावरची शाई फुटली होती, शेवटचा आकडा एक की सात कळत नव्हतं. आधी एक लावला, मग सात. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. मी म्हटलं, "तुमच्या सूनबाईंचा निरोप होता, बसमध्ये आहेत, बऱ्या आहेत."

"अहो, ती परवाच आली घरी. आत्ता मुलाला भरवतेय. तुम्ही कोण बोलताय? थांबा, देते तिला."

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. आत कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि पावलं जवळ यायला लागली. मी फोन ठेवून दिला.